मोरीचं पाणी

सिंहगडाच्या पायथ्याकडून येणारी शिवगंगा आमच्या खोऱ्यातून गुंजवणीला मिळते, गुंजवणी नीरेला आणि नीरा थेट नरसिंहपूरला भीमेला. तीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते. आषाढीला वारकरी ज्या पाण्यात उतरतात, त्यात भोर तालुक्यातल्या आमच्या शिवऱ्याच्या मोऱ्यांचाही वाटा आहे. म्हणून सांडपाण्याचा इतिहास मला किल्ल्यांच्या इतिहासाइतकाच मोलाचा वाटतो.

मी या गावात सून म्हणून आले तेव्हा पाणी डोक्यावरून यायचं. हंड्याने वाहिलेलं पाणी कुणी उगीच सांडत नसे. तांदळाचं धुवण म्हशीच्या आंबोणात जायचं. भांडी राखेने घासायची, डोकं शिकेकाईने धुवायचं. न्हाणीचं पाणी दगडी पन्हळीतून परसात उतरे. तिथे आधी अळूचा वाफा, मग केळी, शेवटी कर्दळ. सासूबाई खुरप्याने दंड सारखा फिरवत. एकाच जागी पाणी मुरलं की माती आंबते, असं त्यांचं म्हणणं. मुळांजवळचे जिवाणू घाण पचवतात आणि त्यांना हवा लागते, हे शास्त्र मला पुढे पुस्तकात भेटलं. सासूबाईंच्या परसातून मोरीचं पाणी नदीपर्यंत पोचतच नसे.

नळ आला तसा हा मेळ बिघडला. नळ हवाच होता. बायकांच्या माना मोकळ्या झाल्या. पण पाणी घरात आणणाऱ्यांनी ते बाहेर कुठे जाईल याचा विचार केला नाही. जलजीवन मिशनने २०१९ साली माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलं. पाच माणसांच्या घराला पावणेतीनशे लिटर, आणि त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. राखेची जागा साबणपावडरीने घेतली, परसात खोल्या चढल्या. मग गावोगाव गटारं बांधली गेली. गटाराला उतार द्यायचा तो ओढ्याकडेच, आणि ओढा नदीकडे. गटार म्हणजे विकास, ही समजूत आपल्या नद्यांना फार महागात पडली आहे.

घाण जागच्या जागी जिरवायचं ज्ञान पुणे जिल्ह्याला नवं नाही. १९५९ साली डॉ. सुहास मापुस्कर देहूच्या सरकारी दवाखान्यात आले. जंत आणि हगवणीवर नुसती औषधं देऊन भागत नाही, हे ओळखून ते संडासांच्या कामाला लागले. कोकणच्या अप्पासाहेब पटवर्धनांच्या विचारातून आलेला, संडासाला जोडलेला 'मलप्रभा' बायोगॅस संच त्यांनी देहूत सिद्ध केला. तुकोबांच्या गावात मैल्याच्या गॅसवर चूल पेटली. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. असं काम तालुक्या-तालुक्यात उभं राहायला हवं होतं.

२०००-०१ साली गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं आणि शोषखड्डा हा शब्द घरोघर पोचला. रचना सोपी. खड्ड्याच्या तळाशी मोठे दगड, वर विटांचे तुकडे, त्यावर बारीक खडी. तोंडाशी भोकं पाडलेलं मडकं आणि त्यात काथ्या किंवा गवत. तेलकटपणा नि खरकटं त्या मडक्यात अडतं, निवळ पाणी खाली मुरतं. मुरमाड जमीन ते पटकन पिते. काळ्या चिकणमातीत खड्डा मोठाच हवा. काथ्या बदलला नाही तर भोकं बुजतात, मोरी तुंबते, आणि लोक पुन्हा पाइप गटाराला लावतात. खड्ड्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. खणण्यासाठी पैसे आले, राखण्यासाठी माणूस नेमला गेला नाही.

आता महामार्गालगत ढाबे, मंगल कार्यालयं, बंगले वाढताहेत. बांधणाऱ्यांना माझी विनंती आहे: नकाशातच शोषखड्ड्याला आणि चार केळींना जागा ठेवा. संडासाच्या टाकीचं वरचं पाणी ओढ्यात सोडू नका. टाकी उपसायला टँकर आला की तो कुठे रिकामा होणार, हे पैसे देण्याआधी विचारा.