सुलतान बाजाराचा शेजार आणि हरकतीचा हक्क

हैदराबादच्या कोठी भागातील ब्रिटिश रेसिडेन्सीची भव्य वास्तू जेम्स किर्कपॅट्रिक यांच्या कारकिर्दीत, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उभी राहू लागली. तिच्या शेजारची बाजारपेठ निजामाच्या राज्यात असूनही इंग्रज रेसिडेंटच्या अधिकारक्षेत्रात होती. १९३३ साली ती निजामाकडे परत आली आणि पुढे सुलतान बाजार या नावाने ओळखली जाऊ लागली.

अधिकारक्षेत्राचा हा तपशील भाषेच्या इतिहासात मोलाचा आहे. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. मराठी, तेलुगू, कन्नड या प्रजेच्या भाषांना राजाश्रय नव्हता. रेसिडेन्सीच्या आसपास मात्र संस्था काढण्यास तुलनेने मोकळीक होती. आर्य समाज १८९२ मध्ये आणि श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम १९०१ मध्ये याच परिसरात स्थापन झाले. जवळच १९०७ साली केशवराव कोरटकर आदींच्या पुढाकाराने विवेकवर्धिनी शाळा निघाली, तर १९२२ साली मराठी ग्रंथसंग्रहालय. मराठी व तेलुगू भाषकांची ही घरे एकमेकांच्या शेजारानेच वाढली.

या दाट वस्तीतून मेट्रोचा उन्नत मार्ग नेण्याचे ठरले, तेव्हा व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवून विरोध केला. वारसाप्रेमींनीही हरकत घेतली. २०१४ साली मार्ग बदलण्याचे सूतोवाच सरकारनेच केले. पण अखेर मार्ग बाजारातूनच गेला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये त्यावरून गाड्या धावू लागल्या. शहराला मेट्रो हवी होती, हे निर्विवाद. प्रश्न एवढाच, की तिच्या खांबांची जागा ठरवताना शेजारच्या जुन्या वास्तूंचे म्हणणे कोणी आणि कोणत्या टप्प्यावर मांडावयाचे?

कायद्याचे उत्तर तोकडे आहे. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत नियंत्रण आहे. परंतु हे कवच केंद्राने राष्ट्रीय महत्त्वाची ठरवलेल्या स्मारकांपुरतेच. भाषिक संस्थेचे ग्रंथालय, जुनी शाळा, व्याख्यानांचे सभागृह यांना ते सहसा लाभत नाही. हैदराबादेत १९९५ पासून वारसा वास्तूंच्या यादीला नगररचनेच्या नियमांचा आधार होता. २०१५ साली तो काढून घेण्यात आला. २०१७ मध्ये राज्याचा स्वतंत्र वारसा कायदा आला. मधल्या काळात बांधकामे थांबली नव्हती.

बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील मराठी संस्थांनी यातून बोध घ्यावा. आपली वास्तू कोणी पाडणार नाही, एवढ्यावर निश्चिंत राहणे पुरेसे नाही. शेजारी खोल पाया खणला गेला, प्रकाश अडला, वाट अरुंद झाली, तरी वास्तू हळूहळू निकामी होते. म्हणून स्थापनेचे दस्तऐवज, जुने नकाशे, मिळकतीचे उतारे व भिंतींच्या सद्यःस्थितीची छायाचित्रे आजच एकत्र करावीत. विकास आराखडा प्रसिद्ध होताच ठरलेल्या मुदतीत लेखी हरकत नोंदवून तिची पोच घ्यावी. परक्या राज्यात आपल्या भाषेचा पुरावा पुष्कळदा एखाद्या जुन्या इमारतीच्या रूपानेच उभा असतो. तो अभिलेखात आणण्याचे काम शेजारी खोदकाम सुरू होण्यापूर्वीच व्हावयास हवे.