दिनविशेष, २ जुलै : उत्तर की दक्षिण?

१९४१ : सम्राट हिरोहितो यांच्यासमोर टोकियोत भरलेल्या बैठकीत जपानने पुढचा शत्रू कोण, याचा निर्णय घेतला. दहाच दिवसांपूर्वी जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला चढवला होता. आपणही आताच उत्तरेला रशियावर तुटून पडावे, असा परराष्ट्रमंत्री योसुके मात्सुओका यांचा आग्रह होता. मॉस्कोला जाऊन तटस्थतेच्या करारावर सही करून त्यांना तीन महिनेही झाले नव्हते! लष्कराला मात्र १९३९चे नोमोनहान आठवत होते. मंगोलियाच्या सीमेवर सोव्हिएत सेनानी झुकॉव्हच्या रणगाड्यांनी तिथे जपानी फौजेची धूळधाण उडवली होती. शिवाय चीनमधले युद्ध चार वर्षे रेंगाळले होते आणि हवे असलेले तेल व रबर होते डच ईस्ट इंडीज आणि मलायात.

दक्षिणेकडे सरकायचे, त्यासाठी ब्रिटन-अमेरिकेशी युद्धालाही कचरायचे नाही, उत्तरेत मांचुरियातली फौज वाढवून संधीची वाट पाहायची, असे ठरले. निवड टाळण्याचाच हा प्रकार होता आणि तो फार महागात पडला. महिनाअखेरीस जपानी सैन्य दक्षिण इंडोचायनात उतरणार हे दिसताच अमेरिकेने जपानची मालमत्ता गोठवली, पाठोपाठ तेलही तोडले. जपानचे सुमारे ८० टक्के तेल अमेरिकेतूनच येत असे.

ऑगस्टमध्ये रशियावरील हल्ल्याचा बेत त्या वर्षापुरता सोडून देण्यात आला. टोकियोतला सोव्हिएत हेर रिचर्ड सोर्गे याने ही खबर मॉस्कोला पोहोचवली.