शर्यत आणि पेला

धावण्याच्या शर्यतीची व मद्याची सांगड आजकालच्या पोरांनी घातली, अशी आपल्यातील वडीलधाऱ्या मंडळींची समजूत दिसते. इतिहास तसे सांगत नाही. प्राचीन अथेन्समध्ये ऑस्कोफोरिया नावाचा सण असे. त्या दिवशी तरुण मुले घडांसकट द्राक्षवेलीच्या फांद्या हाती धरून फालेरोनच्या देवळापर्यंत धावत, आणि जिंकणाऱ्यास द्राक्षारस, मध, चीज, पीठ व तेल या पाच जिनसांचे पेय मिळे. स्पार्टातील कार्निया सणात तर धावणाऱ्या मुलांना ‘द्राक्षधावक’ असेच नाव होते. पुढे पळणाऱ्या एका माणसाचा ती पाठलाग करीत. तो सापडला तर नगराला शुभ, निसटला तर अशुभ. निफाड-दिंडोरीच्या बागायतदारांना हे वाचून मौज वाटेल.

त्याच अथेन्समध्ये अँथेस्टेरिया सणाच्या दुसऱ्या दिवशी निव्वळ पिण्याचीच चढाओढ लागे. प्रत्येकापुढे त्याची स्वतःची सुरई, तुतारी वाजताच प्रारंभ, आणि सुरई आधी रिकामी करील तो विजयी. नाटककार ॲरिस्टोफेनीस याने इ. स. पूर्व 425 मध्ये आपल्या ‘अकार्नियन्स’ या नाटकात ही चढाओढ आणली आहे. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की एकाच नगरात धावणे आणि पिणे या दोहोंच्याही शर्यती होत्या. पण त्या वेगवेगळ्या सणांना. धावणाऱ्याच्या ओठी पेला लागे तो धावून झाल्यावर. संत पौलाने ज्या करिंथकरांना शर्यतीचा दाखला देऊन आत्मसंयमाची शिकवण दिली, त्यांच्या नगराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत. दाखला कशाचा द्यावा हे त्या थोर प्रेषिताला चांगले कळत होते.

आधुनिक काळात मात्र पेला शर्यतीच्या ऐन मध्यात शिरला, तो औषध म्हणून. 1904 साली सेंट लुईस येथील ऑलिंपिक मॅरेथॉन भर उन्हात, धुळीच्या रस्त्यावर झाली. सुटलेल्या 32 धावकांपैकी 14 जणच शेवटपर्यंत पोहोचले. विजेता टॉमस हिक्स याला त्याच्या सोबत्यांनी वाटेत अंड्याच्या पांढऱ्या बलकातून स्ट्रिकनीन हे विष पाजले आणि वर ब्रँडी. तो जिवंत राहिला ही देवाची कृपाच. 1908 साली लंडनमध्ये दक्षिण आफ्रिकेचा चार्ल्स हेफरन आघाडीवर होता. शेवटचे दोनेक मैल उरले असता कोणी पुढे केलेला शँपेनचा घोट त्याने घेतला. पोटात कळ आली आणि हातचे सुवर्णपदक गेले. मद्याने शक्ती येते ही त्या काळची समजूत होती. ती अज्ञानापोटी होती, थट्टेपोटी नव्हे. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीतही मद्याची बंदी धनुर्विद्या, मोटारशर्यती अशा मोजक्या खेळांपुरतीच होती, आणि 2018 पासून तीही उठली. धावणाऱ्याला मद्याचा लाभ नाही, मग मनाई कशाला करायची?

थट्टेचे प्रकार पुढे आले. 1938 साली क्वालालंपूर येथे ए. एस. गिस्पर्ट व त्याच्या इंग्रज मित्रांनी ‘हॅश हाउस हॅरियर्स’ हे मंडळ काढले. इंग्लंडातील शाळकरी मुलांच्या ‘ससा आणि शिकारी कुत्रे’ या खेळाप्रमाणे एकाने कागदाचे कपटे टाकीत पळायचे, इतरांनी माग काढायचा आणि शेवटी सर्वांनी बियर प्यायची. रविवारचा जडपणा सोमवारी घाम गाळून उतरवावा, हा त्यांचा एक उघड हेतू! या मंडळींशी माझे भांडण नाही. त्यांच्यात कोणी पहिला येत नाही, की कोणाची वेळ नोंदली जात नाही. ती सहल आहे.

फ्रान्समधील मेदोक मॅरेथॉनचेही तसेच. 1985 पासून दर सप्टेंबरात पोयाक गावाच्या परिसरातील द्राक्षमळ्यांतून ती होते. लोक चित्रविचित्र वेष करून येतात आणि वाटेतल्या थांब्यांवर वाइनचे पेले ठेवलेले असतात. पण अंतर पूर्ण 42.195 किलोमीटर, वेळेची मर्यादा साडेसहा तास, आणि पेला घ्यावा की न घ्यावा हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. एक थेंबही न घेता धावणारा तेथे बाद होत नाही. म्हणून तिला मॅरेथॉन म्हणण्यास हरकत नसावी.

खरा वाद ‘बियर माईल’ या प्रकाराशी आहे. कॅनडातील किंग्स्टन गावी तिचे नियम ठरले. चार फेऱ्या, प्रत्येक फेरीपूर्वी 355 मिलिलिटर बियरचा एक डबा, मद्यांश किमान पाच टक्के. आणि वांती झाल्यास शिक्षा म्हणून एक फेरी जादा. 2014 साली अमेरिकेच्या जेम्स नील्सनने पाच मिनिटांच्या आत ती पुरी केली, आणि 2021 साली कॅनडाच्या कोरी बेलमोरने ती वेळ साडेचार मिनिटांखाली आणली. हा बेलमोर साधी मैलाची शर्यतही चार मिनिटांच्या आत धावतो. म्हणजे येथे जिंकायला पायही लागतात, असे या प्रकाराचे समर्थक म्हणतात, आणि ते खोटे नाही. त्यांचा दुसरा मुद्दा अधिक नेटका आहे. अडथळ्यांच्या ‘स्टीपलचेस’ शर्यतीत धावक लाकडी अडसर व पाण्याचा खड्डा ओलांडतो. मग बियरचा डबा हाही एक अडसरच का मानू नये? (चर्चच्या एका मनोऱ्यापासून दुसऱ्या मनोऱ्यापर्यंत घोडे पिटाळण्यावरून त्या शर्यतीला हे नाव मिळाले, हे जाता जाता सांगतो.)

माझे उत्तर असे. पाण्याचा खड्डा ज्या पायांनी ओलांडायचा, तेच पाय शर्यत धावतात. डबा रिकामा करण्याचे काम घशाचे व जठराचे आहे. ज्या खेळाच्या नियमांत वांतीचे कलम घालावे लागते, तो खेळ कशाची परीक्षा घेतो हे त्या कलमानेच सांगून टाकले आहे. आपल्या सणाच्या दिवशी लिंबू-चमचा असतो, पोत्याची शर्यत असते, तीन पायांची शर्यत असते. त्यांत मजा आहे, कौशल्यही आहे. तरी पोत्यात पहिल्या आलेल्या मुलाचे नाव कोणी शंभर मीटरच्या फलकावर लिहीत नाही. बियर माईलची जागा त्या रांगेत आहे, ट्रॅकवरच्या नोंदवहीत नाही.

ही नोंदवही आपल्याकडे किती कष्टाने भरली गेली आहे! बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले 1920 साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले. पुण्याचे डेक्कन जिमखाना व सर दोराबजी टाटा यांच्या खटपटीने हिंदुस्थानचा तो संघ गेला होता. त्या वर्षी अंतर नेहमीपेक्षा लांब, 42.75 किलोमीटर होते. चौगुले 2 तास 50 मिनिटे 45 सेकंदांत एकोणिसावे आले. आपल्याच नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरच्या कविता राऊत यांनी 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक मिळवले. राष्ट्रकुल स्पर्धेत ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिला रौप्यपदक मिळाले. ज्या पाड्यांवरून अशी मुले धावत येतात, तेथे दारूने किती घरे बसवली हे त्या बाजूला सेवा केलेल्या कोणत्याही धर्मगुरूला विचारावे.

नाशिक आज द्राक्षांइतकेच वाइनसाठी ओळखले जाते. वेदीवर नित्य द्राक्षारस हाती घेणाऱ्याने त्याला नावे ठेवणे शोभणार नाही, आणि काना गावच्या लग्नाची गोष्ट मी दरवर्षी प्रवचनात सांगतो. त्यामुळे सणाच्या तयारीच्या बैठकीत युवकांपैकी दोघांनी चर्चच्या मैदानावर अशी एक शर्यत सुचवली, तेव्हा मी संतापलो नाही. ‘फादर, चार फेऱ्या, चार ग्लास. लोक हसतील, तिकिटेही खपतील,’ असे त्यांचे म्हणणे. मागच्या बाकावरून एका मावशींनी शांतपणे विचारले, ‘आणि जिंकेल त्याला घरी कोण पोहोचवणार?’ त्यांच्या यजमानांची हकीकत बैठकीत सर्वांना ठाऊक होती. कोणी हसले नाही.

मी त्या दोघांना कायद्याचीही आठवण करून दिली. 1949 चा दारूबंदी कायदा या राज्यात अजून लागू आहे, पिणाऱ्याला परवाना लागतो, आणि वयाची अट बियरसाठी 21, कडक मद्यासाठी 25 वर्षांची आहे. सणाच्या धावण्याला नावे देणारी आमची बहुतेक मुले नववी-दहावीतली असतात.