पूर्ण आणि अंश (नवप्लेटोवादी तत्त्वज्ञान)

वस्तू म्हणजे तिच्या अंशांची केवळ बेरीज, की त्याहून वेगळे काही, हा सत्ताशास्त्रातील प्रश्न. इसवी सनाच्या तिसऱ्या ते सहाव्या शतकात ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या नवप्लेटोवादी विचारवंतांनी तो सर्वांत खोलवर नेला.

प्रश्नाचे मूळ प्लेटोच्या ‘पार्मेनिडीझ’ या संवादात आहे. एकच आकार (आयडिया) अनेक वस्तूंत असेल, तर तो प्रत्येकीत सगळा असतो की तुकड्याने? सगळा असेल तर तो स्वतःपासूनच विभक्त होतो. तुकड्याने असेल तर एक राहत नाही. ॲरिस्टॉटलने दुसऱ्या बाजूने विचार केला. अक्षरे सुटी केली की शब्दावयव उरत नाही, अक्षरे मात्र उरतात. तेव्हा शब्दावयवात अक्षरांखेरीज आणखी काही असले पाहिजे. नवप्लेटोवादी प्लोटायनसने (सु. २०४–२७०) आत्म्याविषयी ठाम उत्तर दिले : आत्मा शरीरभर सगळाच्या सगळा असतो आणि शरीराच्या प्रत्येक भागातही सगळाच असतो. तुकडे पडणे हा शरीराचा धर्म आहे, आत्म्याचा नव्हे.

या विचाराला शिस्तबद्ध रूप दिले अथेन्सच्या नवप्लेटोवादी पीठाचा प्रमुख प्रोक्लस (४१२–४८५) याने. त्याच्या ‘एलिमेंट्स ऑफ थिऑलॉजी’ या ग्रंथात २११ विधाने सिद्धतांसह मांडली आहेत. त्यांतील ६७व्या विधानात पूर्णाचे तीन प्रकार सांगितले आहेत : अंशांपूर्वीचे पूर्ण, अंशांनी झालेले पूर्ण आणि अंशातले पूर्ण. पहिले कारणरूप असते. दुसऱ्यातून एक अंश जरी काढला तरी ते उणे होते. तिसऱ्यात अंश स्वतःच आपल्या परीने पूर्ण झालेला असतो. अंशांनी झालेल्या प्रत्येक पूर्णाला पूर्णत्व लाभते ते अंशांपूर्वीच्या पूर्णामुळे, हे ६९वे विधान साऱ्या मांडणीचा कणा आहे. घटक जोडत गेले म्हणून एकत्व निपजत नाही. एकत्व आधी असते, म्हणून घटक जुळतात.

तिसरा प्रकार कल्पनेत पकडणे सर्वांत अवघड. त्यासाठी अंबरनाथच्या शिवमंदिरापर्यंत जावे लागेल. शिलाहार काळातील या मंदिरात शके ९८२चा (इ.स. १०६०) शिलालेख आहे. मंदिर भूमिज शैलीचे. या शैलीत शिखराच्या उभ्या पट्ट्यांमधून छोट्या शिखरांच्या ओळी रचलेल्या असतात, आणि त्यांतले प्रत्येक छोटे शिखर मोठ्या शिखराचीच लहान प्रतिकृती असते. अंबरनाथचे मुख्य शिखर वरून ढासळलेले आहे. तरी उरलेल्या भागावरून त्याची घडण समजते. शिलाहारांच्या स्थपतींचा प्रोक्लसशी काही संबंध नव्हता. पण अंशात पूर्ण असणे म्हणजे काय, हे त्या दगडांत डोळ्यांना दिसते.

ग्रीक जग या परिसराला अपरिचितही नव्हते. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत अंबरनाथजवळच्या कल्याण बंदराचा उल्लेख ‘कल्लिएना’ असा येतो. सहाव्या शतकाच्या मध्यास अलेक्झांड्रियाच्या कॉस्मसने ‘कल्लियाना’ येथील व्यापाराची आणि तिथल्या ख्रिस्ती बिशपची नोंद केली. कॉस्मस गोलाकार विश्वाच्या मताचे खंडन करतो. अलेक्झांड्रियातलाच जॉन फिलोपोनस त्या मताचा पुरस्कर्ता होता. फिलोपोनसचा गुरू अमोनियस, आणि अमोनियसचा गुरू प्रोक्लस. मात्र व्यापाराच्या वाटेने हे तत्त्वज्ञान इथे आले, असे म्हणायला आधार नाही.

भारतात हाच वाद ‘अवयव’ आणि ‘अवयवी’ या नावांनी चालला होता. न्याय-वैशेषिकांच्या मते पट (कापड) हे तंतूंहून वेगळे, नवे द्रव्य आहे आणि ते तंतूंमध्ये समवाय (अविभाज्य) संबंधाने राहते. बौद्धांना तंतूंपलीकडचा पट मान्य नव्हता. अवयवी प्रत्येक अवयवात संपूर्णपणे राहतो की एकदेशाने (अंशतः), हा न्यायसूत्रांतील आक्षेप ‘पार्मेनिडीझ’मधल्या पेचाशी विलक्षण जुळतो. त्यावर नैयायिकांचे उत्तर असे की जे एकच आहे त्याला ‘सगळे’ आणि ‘काही’ हे भेद लागूच पडत नाहीत.

एवढ्या साम्यावरून दोन्ही मते एकच ठरवणे चूक होईल. नैयायिकांचा अवयवी अवयवांपासून उत्पन्न होतो, म्हणजे अवयवांनंतर येतो; एक तंतू काढला तर जुना पट नष्ट होऊन नवा पट उत्पन्न होतो, इथपर्यंत ते जातात. प्रोक्लसच्या मते मूळ पूर्ण अंशांच्या आधीचे आहे आणि अंश गेल्याने त्याला काहीच होत नाही. उत्पत्तीची दिशाच उलटी आहे.

प्रोक्लसनंतर, इ.स. ५२९मध्ये, सम्राट जस्टिनियनने अथेन्समधील तत्त्वज्ञानाच्या अध्यापनावर बंदी घातली. तेव्हाचा पीठप्रमुख डमॅस्कियस आणि त्याचे काही सहकारी इराणच्या खुस्रो राजाच्या आश्रयाला गेले. प्रोक्लसचा ग्रंथ पुढे १२६८मध्ये विल्यम ऑफ मर्बेके याने लॅटिनमध्ये आणला.

मराठी अभ्यासकांनी प्रोक्लसची ६६ ते ७४ ही विधाने आणि न्यायसूत्रांच्या चौथ्या अध्यायाचे दुसरे आह्निक शेजारी ठेवून वाचावे.