भूल आणि नाडी

३० सप्टेंबर १८११ रोजी पॅरिसमध्ये इंग्रज कादंबरीकार फॅनी बर्नी हिचा उजवा स्तन काढण्यात आला. शस्त्रक्रिया करणारा लारे हा नेपोलियनच्या सैन्यातला नामवंत शल्यविशारद. वेदनाशमनासाठी रुग्णाला द्राक्षासवाखेरीज काही मिळाले नव्हते. पुढे काही महिन्यांनी बर्नीने बहीण एस्थरला सविस्तर पत्र लिहिले. सुरीखालच्या माणसाची अशी साक्ष साहित्यात दुर्मीळच. ती बहुतेक काळ शुद्धीवर होती, म्हणून हे पत्र लिहिले गेले.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये मॉर्टनने ईथरचा जाहीर प्रयोग केला आणि ही साक्ष संपली. १८४७च्या नोव्हेंबरात एडिंबरोच्या सिम्सनने क्लोरोफॉर्म आणले. रुग्ण मूक झाला. त्याच्या देहाचे काय चालले आहे हे आता दुसऱ्या कुणीतरी वाचायचे होते. ते वाचायचे कशावरून, हा प्रश्न तेव्हा फारसा कुणाला पडला नव्हता. २८ जानेवारी १८४८ रोजी न्यूकॅसलजवळच्या विनलाटन गावी हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढताना क्लोरोफॉर्मखाली दगावली, तेव्हा तो अटळ झाला. मुलगी आधीपासून घाबरलेली होती, एवढी नोंद आहे. मृत्यूचे कारण मात्र आजही वादातच आहे.

लंडनचा जॉन स्नो म्हणे, वाफ तीव्र झाली की हृदय थांबते. म्हणून मात्रा मोजा. एडिंबरोचा साइम म्हणे, नाडीचा नाद सोडा, श्वासावर नजर ठेवा. ह्या वादाचा निकाल लावण्याचा मोठा प्रयत्न झाला तो हैदराबादेत. आपला मराठवाडा ज्या संस्थानात होता, त्याच संस्थानच्या राजधानीत. साइमचा शिष्य एडवर्ड लॉरी तिथे रेसिडेन्सी सर्जन होता. त्याने १८८८मध्ये पहिले क्लोरोफॉर्म कमिशन बसवले. त्याच्या निष्कर्षांवर इंग्लंडात टीका झाली, तेव्हा सहावे निजाम महबूब अली खान यांनी पैसा पुरवला आणि १८८९मध्ये 'लॅन्सेट'ने लॉडर ब्रंटन यांना हैदराबादेस पाठवले. भूल देणाऱ्या आद्य स्त्रियांत गणल्या जाणाऱ्या रूपाबाई फर्दुनजी ह्याच काळात हैदराबादच्या वैद्यकीय शाळेत शिकत होत्या.

दुसऱ्या कमिशनने चारशेहून अधिक प्राण्यांवर प्रयोग केले. निष्कर्ष ठाम होता: आधी श्वास थांबतो, मग हृदय. विरोधी मताचे ब्रंटनही पालटले. नाडीवर बोट ठेवण्याची गरज उरली नाही, असे लॉरीला वाटले.

प्रयोगात लबाडी नव्हती; प्रश्नच अर्धा होता. प्राण्यांना मात्रा वाढवत वाढवत मारले, की श्वास आधी जातो, हे खरेच. परंतु ऑपरेशनच्या टेबलावर कित्येक रुग्ण भूल पुरती चढण्याआधीच जात होते. ह्याचा उलगडा १९११मध्ये गुडमन लेव्ही याने मांजरांवरील प्रयोगांतून केला. भूल हलकी असते, देह अजून भीतीला आणि सुरीला प्रतिसाद देत असतो. त्या प्रतिसादात अॅड्रेनलिन रक्तात उतरते. क्लोरोफॉर्मने हृदय आधीच हळवे झालेले असते. मग त्याचे खालचे कप्पे ठोका देण्याऐवजी नुसते थरथरू लागतात, रक्ताभिसरण थांबते. जी भूल कमी म्हणून सुरक्षित मानली, तीच घातक ठरे.

ह्यातून निघालेला अर्थ वैद्यकापुरता नाही. वेदनेची जाणीव आणि वेदनेला देहाने दिलेले उत्तर ह्या दोन गोष्टी निराळ्या आहेत. बहुतेक भूलद्रव्ये जाणीव मिटवतात, रक्तवाहिन्या सैल करून रक्तदाब उतरवतात. पण भूल अपुरी पडली तर सुरी लागताच नाडी धावू लागते, रक्तदाब चढतो. माणूस काहीच जाणत नाही, आणि तरी त्याचे रक्त बोलत असते. आजचा भूलतज्ज्ञ पडद्यावर हृदयाचा आलेख, रक्तदाब, श्वास आणि रक्तातला प्राणवायू सारे एकाच वेळी पाहतो. स्नो आणि साइम दोघांचीही शिकवण त्या पडद्यावर नांदते आहे.

आपल्या भाषेत भूल म्हणजे मोहिनी, भूल म्हणजे विस्मरण, आणि भूल म्हणजे चूकही. जुन्या पावत्यांवर 'भूलचूक देणे घेणे' असे छापलेले असे. हैदराबादच्या हिशेबातली भूल मात्र परत देता-घेता येणारी नव्हती. नाडी सोडा असे जिथे जिथे मानले गेले, तिथे मूक रुग्णाची उरलेली एकमेव भाषा कानाआड झाली. बर्नी बोलू शकली, आपण तिचे वाचतो. हॅना ग्रीनर बोलू शकली नाही. तिच्या वतीने वाचायला शिकण्यात वैद्यकाची साठ-सत्तर वर्षे गेली.