सफेद्याखालचा चेहरा

डिसेंबर-जानेवारी हे शाळांच्या स्नेहसंमेलनांचे दिवस. कोपरगावात तर बेटावरच्या शुक्राचार्यांच्या मंदिरामुळे कच-देवयानीची कथा घरचीच. देवयानी होणाऱ्या मुलीच्या मुरमांचे डाग आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळे रंगाखाली झाकणारा हात बहुधा बाईंचाच असतो. त्या रंगामागे मोठा इतिहास आहे, आणि तो रसायनशास्त्राचाही इतिहास आहे.

1843 मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले. त्यानंतरच्या नाटक मंडळ्यांच्या पेटीत सफेदा, पिवडी, हिंगूळ आणि काजळ अशा कोरड्या पुडी असत. पिवडी ही पिवळी माती आणि काजळ म्हणजे काजळीच. पण हिंगूळ म्हणजे पारा व गंधक यांचे संयुग. सफेदा या एकाच नावाने बाजारात शिशाचा आणि जस्ताचा असे दोन्ही पांढरे रंग मिळत. तमाशातल्या कलावंतांच्या तोंडाला लागणारे मुरदाडशिंग म्हणजे शिशाचे ऑक्साईड. दिव्यांच्या मंद उजेडात मागच्या प्रेक्षकालाही चेहरा उजळ दिसावा, हा त्यामागचा हेतू.

शिसेच का? डाग झाकायचा म्हणजे प्रकाश डागापर्यंत पोचण्याआधीच परतवायचा. रंगाचे कण आणि ते ज्यात कालवले ते तेल, यांच्या अपवर्तनांकांत जितका फरक अधिक, तितका प्रकाश अधिक विखुरतो. खोबरेल तेलाचा अपवर्तनांक सुमारे 1.45, टाल्कचा 1.6 च्या आसपास, तर शिशाचा सफेदा आणि झिंक ऑक्साईड यांचा सुमारे 2. वर्गात हे सहज दाखवता येईल. काळ्या कागदावर एका बाजूला टाल्कम पावडर आणि दुसऱ्या बाजूला झिंक ऑक्साईड घेऊन दोन्हींत खोबरेलाचे थेंब कालवावेत. पावडर जवळजवळ पारदर्शक होते, झिंक ऑक्साईड पांढरेच राहते. तेलकट चेहऱ्यावरची पावडर का ‘उडते’, याचेही उत्तर मुलांना यातच सापडेल.

मात्र रंग डाग झाकतो, खड्डा झाकत नाही. खड्डा दिसतो तो सावलीमुळे. देवीचे व्रण रंगाने पुरते लपत नसत ते यासाठी. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीला 1562 मध्ये देवी आल्या. पुढे पांढऱ्याफटक चेहऱ्यासाठीच ती ओळखली गेली. तिच्या काळी उच्चकुलीन स्त्रिया शिशाचा सफेदा वापरीत. 1760 मध्ये मारिया गनिंग ही सौंदर्यासाठी गाजलेली स्त्री सत्ताविसाव्या वर्षी वारली, ती अशाच लेपामुळे असे मानले जाते. धड त्वचेतून शिसे फारसे आत शिरत नाही. ते ओठांवरून पोटात आणि पुडीबरोबर श्वासात जाते, मग हाडांत वर्षानुवर्षे साठून राहते. रोज रंग लावणाऱ्याला धोका अधिक, तो यामुळे.

विसाव्या शतकात शिशाची जागा झिंक ऑक्साईड आणि टायटॅनियम डायऑक्साईड यांनी घेतली. टायटॅनियमच्या या रंगाचा अपवर्तनांक 2.5 ते 2.7, म्हणजे पातळ थरातही तो झाकतो. अमेरिकेत लिडिया ओलिअरी यांच्या चेहऱ्यावर जन्मखूण होती; ती झाकण्यासाठी त्यांनी ‘कव्हरमार्क’ हा लेप तयार करून 1928 मध्ये विक्रीस आणला. 1937 च्या सुमारास मॅक्स फॅक्टरचा ‘पॅनकेक’ चित्रपटासाठी आला. आपल्याकडे 1919 मध्ये मुंबईत पाटणवालांचे ‘अफगाण स्नो’ आणि 1952 मध्ये ‘लॅक्मे’ आले, आणि रंगभूषेची पेटी घराघरांत पोचली.

डोळ्यांखालच्या वर्तुळांची गोष्ट जरा वेगळी. तिथली त्वचा फार पातळ असते. तिच्यातले मेलॅनिन आणि तिच्याखालच्या रक्तवाहिन्या मिळून तो भाग निळसर-काळा दिसतो. त्यावर नुसता पांढरा रंग दिला तर सावळ्या चेहऱ्यावर राखेचा डाग उमटतो. म्हणून आधी नारिंगी छटा देतात. नारिंगी रंग निळा प्रकाश शोषतो आणि तांबडा परतवतो. निळसरपणा मावळतो आणि वर त्वचेच्या रंगाचा पातळ हात पुरतो.

झाकणे आणि ‘घालवणे’ यांतला फरक मात्र विद्यार्थ्यांना सांगायलाच हवा. झाकणारा रंग वरच राहतो, संध्याकाळी धुतला जातो. गोरे करण्याचे वचन देणाऱ्या काही मलमांतला पारा मात्र मेलॅनिन बनवणाऱ्या विकराला अडवतो आणि त्वचेतून शरीरात जाऊन मूत्रपिंडावर घाला घालतो. अकोल्यातील एकाच कुटुंबातील तिघींची मूत्रपिंडे अशा मलमामुळे बिघडल्याचे 2023 च्या सुरुवातीस वृत्तपत्रांत आले होते; मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तपासात पारा आढळला होता. भारताच्या 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार रंगासाठी शिशाची वा आर्सेनिकची संयुगे वापरता येत नाहीत आणि पाऱ्याची मलमे बनवता येत नाहीत. पण बिनलेबलाच्या डबीला नियम कोण विचारणार?

ते विचारण्याचे काम शाळेत सुरू होऊ शकते. रंगाच्या डबीवर उत्पादकाचे नाव, घटकांची यादी आणि मुदत वाचणे हा विज्ञानाचा छोटासा पाठच आहे. आणि कोड किंवा जन्मखूण असलेल्या मुलाला ‘तुला झाकू का?’ असे आधी विचारणे, हा त्याच पाठाचा दुसरा भाग. काही मुले ‘हो’ म्हणतील, काही ‘नको’. दोन्ही उत्तरे बरोबरच समजावीत.