कॅराव्हॅनच्या दाराला हात लावताच शॉक बसतो? साधा की जीवघेणा, असं ओळखा

कॅराव्हॅनमधून उतरताना दाराला हात लागतो आणि चटका बसतो. 'स्टॅटिक असेल' म्हणून आपण सोडून देतो. पण दर वेळी ते खरं नसतं.

स्टॅटिक शॉक कसा असतो?
कोरड्या हवेत कपडे सीटला घासले की अंगावर विद्युतभार साठतो. धातूला हात लागताच तो एका झटक्यात निघून जातो. लगेच पुन्हा हात लागला तर काहीच होत नाही.

मग धोका कधी?
हात लावाल तेव्हा झिणझिण्या येत असतील, तर 230 व्होल्टचा करंट बॉडीत उतरलेला असू शकतो. गाडी बाहेरच्या बोर्डला जोडलेली असताना फ्रिज किंवा गिझर बिघडला की असं होतं. रबरी टायरमुळे करंटला जमिनीत जायला वाट मिळत नाही. तुम्ही खाली उभं राहून दार धरलं, की तो तुमच्या अंगातून जातो. आत बसलेल्यांना बहुधा काहीच जाणवत नाही.

काय करायचं?
• गाडीला हात न लावता आधी बाहेरच्या बोर्डचं बटण बंद करा, मग प्लग काढा. तोवर आतल्यांना उतरू देऊ नका.
• तीन पिनांचीच एक्स्टेन्शन वापरा. हॉटेलच्या सॉकेटला अर्थिंग आहे का, ते तपासा.
• अर्थिंगची हिरवी वायर चासीला जोडलेली हवी.
• 30 मिलिॲम्पिअरची आरसीसीबी बसवून घ्या. तिचं टेस्ट बटण अधूनमधून दाबून पाहा.

आणि हो, गाडीखाली लोंबणारी अँटिस्टॅटिक पट्टी म्हणजे अर्थिंग नव्हे!